हायब्रिड गाडीत अँप्लिफायर आणि सबवूफर: वीज कुठून येते, किती मिळते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायरायडर, ग्रँड व्हिटारा, हायक्रॉस, सिटी हायब्रिड अशा गाड्या रस्त्यावर वाढल्या तसे हे प्रश्नही वाढले. जुन्या स्विफ्टमध्ये किंवा झायलोमध्ये दणदणीत सिस्टिम बसवलेल्या माणसाला वाटतं, गाडी बदलली म्हणून काय झालं, वायर बॅटरीपासून डिकीपर्यंतच तर न्यायची. वायर तशीच जाते. तिच्यामागची वीज मात्र वेगळ्या ठिकाणाहून येते. खाली सगळीकडे ‘अँप’ म्हणजे अँप्लिफायर. करंट मोजायचा असेल तिथे पूर्ण ‘अँपियर’ लिहिलंय, कारण दुकानात दोन्हींना अँप म्हणतात आणि तिथूनच निम्मे घोटाळे सुरू होतात.

हायब्रिडला अल्टरनेटर नसतो म्हणतात. मग स्टिरिओ चालतो कशावर?

साध्या गाडीत इंजिनच्या पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो आणि १२ व्होल्टचा सगळा कारभार तोच पाहतो. स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवरही धावू शकणाऱ्या गाडीत, तो काढूनच टाकलेला असतो. चाकं फिरवणारी मोठी बॅटरी वेगळी असते. हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये ती १७७.६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी आहे, साठा ०.७६ किलोवॅट-अवर. या उच्च दाबाच्या विजेतून डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाचा एक डबा साधारण १४ व्होल्ट काढून देतो. दिवे, वायपर, ब्लोअर, पॉवर स्टिअरिंग, काचा आणि तुमचा स्टिरिओ हे सगळं त्याच डब्यावर चालतं.

१२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, पण तिला स्टार्टर फिरवायचा नसतो. इंजिन चालू करतात ते मोठ्या बॅटरीवरच्या मोटर. छोटीने फक्त संगणक जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचे मुख्य रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडून द्यायचे. म्हणून ती आकाराने बेताची असते आणि बऱ्याच गाड्यांत डिकीत किंवा मागच्या सीटखाली लपवलेली असते. तुमच्या गाडीत ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आधी पाहून ठेवा.

एवढी मोठी बॅटरी आहे, तर अँपला थेट तिच्यातूनच लाइन काढता येईल का?

नाही. १७७ किंवा २०० व्होल्ट डीसी हात लावलेल्या माणसाला सोडत नाही. नारिंगी आवरणाची प्रत्येक केबल या उच्च दाबाची असते. तिला हात लावायचा नाही, तिच्याजवळ भोक पाडायचं नाही, आणि तिला टाय मारून आपली वायरही बांधायची नाही. मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरसुद्धा इन्व्हर्टरमधले (मोठ्या बॅटरीची वीज मोटरजोगी करणाऱ्या डब्यातले) कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत, त्यांत वीज साठलेली असते. प्रशिक्षित मेकॅनिकही रबरी हातमोजे घालून प्लग काढतात, १० मिनिटं थांबतात आणि मग मोजमाप घेतात. ‘दादा, डायरेक्ट मोठ्या बॅटरीला मारतो’ असं कोणी म्हणालं, तर गाडी सुरू करून दुसरं दुकान गाठा.

किती वॅटपर्यंत झेपेल? नेमका आकडा सांगा.

सगळ्या गाड्यांना लागू होईल असा एक आकडा नाही, पण हिशेब घरी बसून करता येतो.

कन्व्हर्टरची क्षमता गाडीगणिक बदलते. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तो १०० अँपियरच्या वर्गातला होता. आकडा पाहून हुरळू नका, कारण त्या शंभरात गाडीचा स्वतःचा खर्च आधी येतो. ब्लोअर पूर्ण जोरात १५ ते २० अँपियर खातो, मागच्या काचेचा डिफॉगर १० ते १५, रेडिएटरचे पंखे आणखी तेवढेच. शिवाय दिवे, पंप आणि ढीगभर कंट्रोल युनिटं. सगळ्यांत बेभरवशाचं म्हणजे इलेक्ट्रिक स्टिअरिंग. सरळ रस्त्यावर ते काही मागत नाही, पण अरुंद पार्किंगमध्ये जागच्या जागी चाक वळवलं की क्षणभर कित्येक अँपियर ओढतं. पावसाळी रात्री खंबाटकी घाटात वायपर, दिवे, डिफॉगर आणि ब्लोअर सगळंच चालू असतं. उरलेली वीज तुमची.

आता अँपची बाजू. समजा डी क्लासचा, खऱ्या ४०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा) अँप आहे. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तो ५०० वॅट ओढेल. १३.८ व्होल्टने भागा, ३६ अँपियर. हेच ४०० वॅट जुन्या एबी क्लासच्या अँपमधून काढायचे तर कार्यक्षमता पन्नास-पंचावन्न टक्के, म्हणजे ५३ अँपियरच्या आसपास. आवाज तेवढाच आणि सतरा अँपियर नुसते उष्णतेत गेले. हायब्रिडमध्ये अँप डी क्लासचाच घ्या, यावर माझ्याशी वाद घालू नका.

हे आकडे सलग पूर्ण जोराचे झाले. संगीत तसं वाजत नाही. माझ्या गाडीत अँपच्या पॉझिटिव्ह वायरवर डीसी क्लॅम्प मीटर लावून ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग वाजवलं. मागच्या सीटवरच्याला ओरडून बोलावं लागेल इतक्या आवाजात काटा सहा ते नऊ अँपियरमध्ये रेंगाळत होता आणि ढोलाच्या टोल्याला विशीपर्यंत उडत होता. अँप होता ४०० वॅटचाच.

माझा सल्ला असा: चार दरवाजे आणि एक सबवूफर मिळून ३०० ते ५०० वॅट आरएमएस स्ट्राँग हायब्रिडला आरामात चालतात. हजारच्या पुढचं डोक्यात असेल तर त्या हौसेसाठी वेगळी गाडी ठेवा.

माझ्या अँपच्या खोक्यावर २००० वॅट छापलंय. तो तर चाललाय की!

अँपच्या बाजूला फ्यूज असतात, त्यांचे आकडे वाचा. ३० अँपियरचे दोन असतील तर ६० गुणिले १३.८ गुणिले ०.८, म्हणजे जेमतेम ६६० वॅट. फ्यूज न उडवता तो सलग यापेक्षा जास्त देऊच शकत नाही. खोक्यावरचे २००० हे लग्नपत्रिकेतल्या ‘भव्य’सारखे समजा.

गाडी उभी करून नुसती गाणी ऐकायची असतील तर?

हा प्रश्न सगळ्यात उशिरा विचारला जातो, बहुधा गाडी बंद पडल्यावर.

ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं की गाडी एसीसी किंवा इग्निशन ऑन स्थितीत जाते. स्टिरिओ लागतो, स्क्रीन उजळते आणि सगळं चालू आहे असं वाटतं. पण या स्थितीत मोठ्या बॅटरीचे रिले जोडलेलेच नसतात, त्यामुळे कन्व्हर्टर बंद असतो. सगळा भार त्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर पडतो.

मी हे स्वतः भोगलंय. जानेवारीत मामांच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. डिकी उघडी टाकून दोन-अडीच तास गाणी चालली. थंडी वाढली तशी कोणीतरी डिकी लावली. निघायच्या वेळी बटण दाबलं तर डॅशबोर्डमागून नुसती टिकटिक, आणि दिवे आगपेटीच्या काडीसारखे मंद. मोठी बॅटरी भरलेली, टाकीत पेट्रोल अर्धं, आणि गाडी ढिम्म. जागं करणारंच कोणी उरलं नव्हतं. छोटी बॅटरी डिकीत आणि डिकीचं लॉक विजेवरचं! मागची सीट पाडून भाचा आत सरपटत जायला निघाला, तेवढ्यात मॅन्युअल सापडलं. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये नेमकं याचसाठी लाल टोपणाचं पॉझिटिव्ह टर्मिनल दिलेलं होतं. ट्रॅक्टर बंद ठेवून त्याच्या बॅटरीची पॉझिटिव्ह तिथे आणि निगेटिव्ह इंजिनच्या उघड्या धातूला जोडली. मिनिटभरात गाडी चालायला तयार असल्याचा ‘रेडी’चा दिवा लागला. मामा म्हणाले, “पंचवीस लाखांची गाडी आणि उठती ट्रॅक्टरच्या बॅटरीवर व्हय!”

हिशेब सोपा आहे. बॅटरी ४५ अँपियर-अवरची, दोन-तीन वर्षं जुनी, म्हणजे कामाचे ३० धरा. अँप आणि गाडीची इलेक्ट्रॉनिक्स मिळून सरासरी १२ अँपियर. अडीच तासांत खेळ खलास.

उभ्या गाडीत ऐकायचंच असेल तर ब्रेक दाबून गाडी रेडीमध्ये ठेवा आणि गिअर पीमध्ये. मग कन्व्हर्टर चालू राहतो, इंजिन बहुतेक वेळ गप्प असतं आणि मोठी बॅटरी उतरली की आपणहून थोडा वेळ चालून तिला भरतं. गिअर एनमध्ये ठेवू नका; टोयोटाच्या हायब्रिडमध्ये न्यूट्रलला मोठी बॅटरी भरली जात नाही. आणि बंद गॅरेजमध्ये हे कधीच करू नका. इंजिन बंद आहे म्हणून तुम्ही डोळे मिटाल, ते मध्येच सुरू होईल आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बाससाठी एक फॅरडचा कपॅसिटर लावू का?

निळे दिवे आणि व्होल्टमीटर असलेला तो चकचकीत डबा दिसतो छान. त्यातली ऊर्जा पाहा: १४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना तो २६ ज्यूल देतो. ५०० वॅटच्या मागणीला ते ०.०५ सेकंद पुरतात. पापणी मिटायलाही याहून जास्त वेळ लागतो. नंतर त्याला परत भरावं लागतं ते त्याच कन्व्हर्टरमधून. ते पैसे जाड वायरला लावा.

मग मोठी किंवा दुसरी बॅटरी?

त्याच ट्रेमध्ये बसणारी, त्याच जातीची आणि थोडी जास्त क्षमतेची मिळत असेल तर जरूर बसवा. जात महत्त्वाची. बॅटरी केबिनमध्ये किंवा डिकीत असेल तर ती बहुधा एजीएम (पाणी न घालायची, बंद प्रकारची) असते आणि तिच्या वायूची नळी बाहेर काढलेली असते. तिथे साधी पाण्याची बॅटरी ठेवली तर चार्ज होताना निघणारा हायड्रोजन तुमच्याबरोबर प्रवास करेल. नळी परत जोडायला फिटर विसरतात, स्वतः पाहा.

दुसरी बॅटरी गाडी बंद असताना जास्त वेळ वाजवायला उपयोगी पडते. चालत्या गाडीत तिने वीज वाढत नाही, उलट रिकामी झालेली बॅटरी भरायला कन्व्हर्टरवर भार येतो. लावायचीच तर मध्ये आयसोलेटर घाला, म्हणजे गाणी दुसरीवर वाजतील आणि गाडी जागी करायला पहिली शाबूत राहील.

वायर किती जाड? दुकानदार आठ गेजचं किट देतोय.

बॅटरी डिकीत आणि अँपही डिकीत असेल तर अंतर दोन हातांचं. तिथे चांगल्या तांब्याची आठ गेज चालून जाईल (गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड). बॅटरी बॉनेटखाली असेल तर पाच मीटर वायर लागते. ४० अँपियरला आठ गेजच्या (साधारण ८.४ चौरस मिलिमीटर) अस्सल तांब्यात एका बाजूनेच ०.४ व्होल्ट गळतात. चार गेजमध्ये (२१ चौरस मिलिमीटर) ०.१६. आणि किटमधली वायर बहुतेकदा तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची असते, तिच्यात गळती दीडपट. ओळखायची असेल तर टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली की समजा. पुण्यात मी तपकीर गल्लीतून मीटरवर तांब्याची वायर घेतो आणि टोकाला धातूची थिंबल समोर दाबून घेतो.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो अँपला वाचवायला नसून वायरला वाचवायला असतो. बॅटरी ते फ्यूज हा अलीकडचा तुकडा कुठे घासून बॉडीला लागला, तर त्याला तोडणारं कोणी नसतं आणि तो तापतच राहतो.

निगेटिव्ह बॅटरीला जोडू की बॉडीला?

बॉडीला. अँपपासून हातभर अंतरात, रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्टने. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तुम्ही वायर थेट बॅटरीच्या खुंटीवर लावली तर अँपने ओढलेला करंट सेन्सरला दिसतच नाही. गाडीला वाटतं बॅटरी भरलेली आहे आणि ती हळूहळू उपाशी राहते.

१२ व्होल्टची निगेटिव्ह बॉडीवर असते. उच्च दाबाची बाजू मात्र बॉडीपासून पूर्ण अलग ठेवलेली असते आणि गाडी त्यावर सतत पहारा ठेवते. त्यामुळे बोल्टसाठी नवीन भोक नको, आधीपासून असलेला बोल्ट वापरा. स्क्रू खालच्या केबलपर्यंत गेला तर प्रश्न गाण्यांचा उरत नाही.

सबवूफरचा डबा कुठे ठेवू? डिकी आधीच लहान आहे.

ठेवण्याआधी मागच्या सीटजवळ, बाजूला किंवा सीटच्या पायथ्याशी जाळी शोधा. कित्येक हायब्रिडांत मोठी बॅटरी केबिनमधली गार हवा ओढून थंड होते, ती याच जाळीतून. तिच्यासमोर डबा, गालिचा किंवा नाशिकहून आणलेली द्राक्षांची पेटी आली की बॅटरी तापते, पंखा घरघरतो आणि शेवटी डॅशबोर्डवर इशारा येतो. मी असा एक इशारा पाहिलाय ज्याचं कारण फक्त सबवूफरवर टाकलेली चादर होती.

आमची ‘स्मार्ट हायब्रिड’ आहे. हे सगळं आम्हालाही लागू?

थोडं वेगळं. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडमध्ये पट्ट्यावर फिरणारा स्टार्टर-जनरेटर असतो आणि तोच वीज बनवतो. उच्च दाबाची बाजू नाही, नारिंगी केबल नाही. मुख्य बॅटरीशिवाय एक छोटी १२ व्होल्टची लिथियम बॅटरी असते, एर्टिगा-सियाझसारख्या मॉडेलांत ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली. नेमक्या त्याच जागी लोक सपाट अंडरसीट सबवूफर सरकवतात. आधी वाकून पाहा. तिथून अँपला लाइनही घेऊ नका, मुख्य बॅटरीवरूनच घ्या.

यांचं चार्जिंग एकसारखं नसतं. ॲक्सिलरेटर दाबला की चार्जिंग कमी होतं, ब्रेकवर वाढतं, सिग्नलला इंजिन थांबतं आणि परत सुरू होताना व्होल्टेज झुकतं. स्वस्तातला अँप त्या क्षणी ठक करून बंद-चालू होतो. कमी व्होल्टेजला तग धरणारा अँप घेतला की हा त्रास जातो.

स्पीकरमधून बारीक शिट्टी येते.

साध्या गाडीत शिट्टी इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढते. हायब्रिडमध्ये ती निघताना आणि ब्रेक लावताना चढते-उतरते, कारण ती इन्व्हर्टर आणि कन्व्हर्टरच्या स्विचिंगची असते. स्टिरिओचा सिग्नल अँपकडे नेणारी आरसीए वायर पॉवर वायरच्या विरुद्ध बाजूने न्या, बॉडी अर्थ पुन्हा खरवडून घट्ट करा, अँपचा गेन (आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी) कमी करा. नव्वद टक्के वेळा गुन्हेगार गेन असतो. मध्यम लहरींवर मात्र फार आशा ठेवू नका; ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणी पुणे लावलं तर काही हायब्रिडांत बातम्यांपेक्षा खरखर जास्त ऐकू येते.

कंपनीचा स्टिरिओ काढून मोठा अँड्रॉइड स्क्रीन बसवू?

मी बसवत नाही. त्या स्क्रीनवर ऊर्जेचा प्रवाह, कॅमेरा आणि गाडीच्या सेटिंग्ज असतात. स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घेणारा हाय-लेव्हल इनपुटचा अँप किंवा डीएसपी (आवाज डिजिटल पद्धतीने सुधारणारा डबा) घ्या, वायर न कापता कपलर टू कपलर. असे बरेच अँप सिग्नल आला की स्वतः चालू होतात. नसेल होत तर रिमोट वायर, म्हणजे अँपला चालू-बंद व्हायला सांगणारी बारीक वायर, एसीसीच्या फ्यूजवरून फ्यूज टॅपने घ्या. ती कायम चालू असलेल्या लाइनवर लागली तर अँप रात्रभर जागा राहतो आणि सोमवारी सकाळी तुमचा हुरडा होतो.

वॉरंटी आणि विमा?

टोयोटाच्या हायब्रिड बॅटरीला भारतात ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. कंपनीचा मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कापलेला दिसला की पुढच्या प्रत्येक विजेच्या तक्रारीत बोट तिथेच दाखवलं जातं, म्हणून कपलरचा आग्रह. विम्यात बाहेरून बसवलेली सिस्टिम आपोआप धरली जात नाही. बिल जपून ठेवा आणि नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसीतल्या आयएमटी २४ या जादा कलमाखाली विजेच्या जादा उपकरणांचं संरक्षण मागा.

मायलेज किती पडेल?

संगीताला सरासरी १०० वॅट धरले तर तासाला ०.१ किलोवॅट-अवर. एक लिटर पेट्रोलमधून इंजिन साधारण पावणेतीन किलोवॅट-अवर वीज काढू शकतं, म्हणजे तासाला चाळीसेक मिलिलिटर. कटिंग चहाच्या ग्लासपेक्षा कमी. डिकीत कायम वागवलेला वीस किलोचा डबा शहरात मायलेजला जास्त टोचेल.

कमी विजेत जास्त आवाज काढायची काही युक्ती?

आहे, आणि मी खर्चाची सुरुवात तिथूनच करतो. दरवाज्यांत पत्र्याची थरथर मारणारी ब्यूटिलची डॅम्पिंग शीट लावा आणि जास्त सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त आवाज देणारे, स्पीकर घ्या. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला की तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट लागतात. शिवाय हायब्रिड शहरात बराच वेळ इंजिनाविना चालते. केबिन शांत असते, तिथे गाणं ऐकू यायला जोर लागत नाही. खडखडणारी दाराची पट्टीसुद्धा तितकीच स्वच्छ ऐकू येते, ही मात्र तक्रार.

फिटिंग झाल्यावर दुकानातून निघण्याआधी काय तपासू?

मल्टिमीटर अँपच्या टर्मिनलवरच लावायला सांगा. गाडी रेडीमध्ये, दिवे आणि ब्लोअर चालू, गाणं जोरात. १३.५ च्या वर असेल तर ठीक. टोल्याला १२.५ च्या खाली जात असेल तर आधी अर्थिंग आणि वायर पाहायची, मग कन्व्हर्टरला दोष द्यायचा. त्याच अवस्थेत स्टिअरिंग जागेवर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. दिवे डचमळायला नकोत. मग गाडी बंद करून, लॉक करून अर्धा तास थांबा. समोर चहाची टपरी असतेच. परत येऊन अँपला हात लावा. थंड लागला आणि त्याचा दिवा विझलेला असला, तर पैसे द्या.